शेवटच्या ओळीतला मॅनोमीटर

८ नोव्हें., बुध.
आज वर्गात फजिती झाली. यू आकाराच्या नळीचं, म्हणजे मॅनोमीटरचं, गणित सोडवत होते. एकीकडे पारा, दुसरीकडे पाइपातलं पाणी, दाब काढा. धर्माबादची एक मुलगी उभी राहिली. "मॅडम, मॅनोमीटर असतो कसा?" मी फळ्याकडे बोट केलं. "हा न्हाई मॅडम, खरा."
नऊ वर्षं शिकवतेय. खरा मीही पाहिलेला नाही. लातुरातल्या या आमच्या चार मजली क्लासमध्ये प्रयोगशाळा सोडून सगळं आहे. "परीक्षेत चित्रच येतं" असं म्हणून वेळ मारून नेली. नंतर स्वतःचाच राग आला.
संध्याकाळी शेजारणीच्या मोबाइलवरून आईचा फोन. गावात पाणीपुरवठ्याचे साहेब येऊन गेले. आपल्या ओळीला, म्हणजे घरांच्या शेवटच्या ओळीला, पाणी चढत नाही, माळावरच्या टाकीचा दाब कमी पडतो म्हणाले. आता नवी टाकी होणार. उंच खांबांवर. जागा कुठली, तर आईच्या घरामागचा मोकळा प्लॉट.
"डोस्क्यावर पान्याचा डोंगर ठिवून मला झोप न्हाई यायची. टाकी झाली की मी शेतात पत्र्याखाली जाते राहायला."
आणि ती खरंच जाईल.

९ नोव्हें., गुरु.
दिवसभर आईच डोक्यात. भूकंपात बाबा आणि मोठा दादा गेले, ते घराच्या माळवदाखाली, त्या जड मातीच्या छताखाली. त्यानंतर ती दोन वर्षं शेडमध्ये राहिली. पुनर्वसनाचं घर मिळालं तेव्हा तिने सगळ्यात आधी भिंतीतली फळी काढायला लावली. डोक्याच्या वर काही नको. भिंतीवर फक्त कॅलेंडर, तेही कमरेच्या उंचीवर. पाहुणे वाकून तारीख बघतात. या घरात तिला झोप लागायला किती वर्षं गेली, मला माहीत आहे. ते घर सुटू द्यायचं नाही.

१० नोव्हें., शुक्र.
क्लासची गच्चीवरची टाकी वाहत होती म्हणून युसूफभाई आले. नळफिटर, लातुरातली निम्मी होस्टेलं त्यांच्याच हातची. खांद्यावर पारदर्शक नळीचं वेटोळं, आत निळं पाणी.
"हे काय हो?"
"लेव्हल नळी. दोन्हीकडं पानी सारखं उभं राहतं. मानूस खोटं बोलतो, नळी न्हाई."
मी जिन्यातच बसले. हा तर मॅनोमीटर. एक टोक पाइपाला लावा, दुसरं उघडं उभं धरा, पाणी जेवढं चढेल तेवढा दाब. पाराही नको. हा माणूस रोज खांद्यावर घेऊन फिरतो आणि मी नऊ वर्षं खडूने काढतेय.
त्यांना नाव सांगितलं. "नाव लई भारी हाय. आमी नळीच म्हंतो."
रविवारी गावाला चला म्हटलं. आईच्या हातची ज्वारीची भाकरी मिळणार असेल तर येतो म्हणाले. साहेबांनी दाब मोजलाच नाहीये, असं आई सांगते. मग आपण मोजू.

१२ नोव्हें., रवि.
किल्लारीच्या जीपने गेलो, तिथून पुढे चालत. नळी आईच्या अंगणातल्या तोटीला लावली आणि बांबूला बांधून उभी केली. जोडणी मी केली, हट्टाने. पाणी सोडलं आणि नळीत बुडबुडेच नाचायला लागले. एकदा गुडघ्याला, एकदा खांद्याला.
"मॅडम, पैले हवा काढा की."
पुस्तकात हे वाक्य आहे. मी ते वाचूनही दाखवते.
हवा काढल्यावर पाणी शांत उभं राहिलं. कमरेइतकं. बस्स.
म्हणजे साहेब बरोबर. आई आत जाऊन भाकरी थापायला बसली. युसूफभाईंनी तीन खाल्ल्या, मला अर्धी जाईना.
परतताना मात्र ते मधेच थांबले. "मॅडम, हितं कुनी तोटी बंद करतं का? ऐका."
कान दिला. प्रत्येक अंगणात धार. घागर भरलेली, वर पाणी वाहतंय. अर्ध्या तोट्यांना बंद करायची चावीच नाही.
खरंच की. आमच्या गावात तोटी बंद करतच नाहीत. पाणी दिवसाआड येतं, किती वाजता येईल नेम नाही. तोटी उघडी ठेवून खाली घागर लावायची, धार वाजली की कळतं पाणी आलं. मीही तशीच वाढले, म्हणून मला दिसलं नाही. लातूरच्या माणसाला ऐकू आलं.

१३ नोव्हें., सोम.
गावभर तोट्या उघड्या असताना, वाहत्या पाण्याचा दाब मोजला आणि टाकीच्या उंचीला दोष दिला. या चुकीसाठी मी पोरांचे गुण कापते. आज वर्गात स्वतःचे कापले, सगळ्यांसमोर. धर्माबादची फार खूष.
आईला फोन. पुढच्या रविवारी, पाणी सुटल्यावर, फक्त पंधरा मिनिटं अख्ख्या गावाच्या तोट्या बंद हव्यात. "एवढंच?" म्हणाली. आवाजात धार होती.

१९ नोव्हें., रवि.
काय दिवस गेला!
सकाळी पोचलो तर आई घरी नाही. पदर खोचून ओळीओळीने फिरत होती, मागे सात-आठ बायका. ज्या तोट्यांना चावी नव्हती त्यांना युसूफभाईंनी चिंध्या गुंडाळून लाकडी खुंट्या ठोकल्या. सरपंचांच्या तोटीलाही.
नळी या वेळी अंगणातल्या कडुनिंबाला उभी बांधली, वीस फूट. हवा मी काढली, कुणी न सांगता.
पाणी सुटलं. गुडघा. कंबर. छाती. डोक्याच्या थोडं वर गेलं आणि थांबलं. सगळं गाव नळीकडे बघत उभं.
"कुटं तरी चालू हाय," युसूफभाई.
आई भडकली. कोण हाय ते, मी घरोघर सांगून आले, लोकांना एवढं कळंना का. पुन्हा फेरी मारून आली, सगळीकडे बंद. शेवटी युसूफभाई आमच्याच घराला वळसा घालून गेले आणि मागून हाक आली, "अम्मा, जरा इकडं या."
परसातली तोटी. तिच्याखाली, जास्वंदीपाशी पडून राहिलेली बादली तुडुंब भरून वाहत होती. बसवल्यापासून कधी पाणी न आलेली तोटी, म्हणून आईच्या लक्षातच नाही.
आई तोंडाला पदर लावून मटकन बसली. रडतेय वाटलं. हसत होती. इतकी की तोटी बंद करायला मलाच जावं लागलं.
मी परत येईपर्यंत पाणी वळचणीच्या वर गेलं होतं. मग कडुनिंबाचा पहिला फाटा. तिथून थोडं वर जाऊन उभं राहिलं, समोरच्या माळावरच्या टाकीच्या बरोबरीने. दाब होता. इतकी वर्षं होताच.
युसूफभाईंनी तिथे लाल पट्टी चिकटवली. मी रडले. भाकऱ्या मोजल्या नाहीत.

२६ नोव्हें., रवि.
साहेब आले होते. भले गृहस्थ. नळीखाली मान वर करून बराच वेळ उभे राहिले, वहीत लिहून घेतलं. म्हणाले, "एक दिवस सगळे बंद करतील हो. रोज करतील का?" महिनाभर पाणी पट्टीपाशी राहिलं तर नव्या टाकीचा पुन्हा विचार करू, नाहीतर काम सुरू.
आई म्हणाली, "ऱ्हाईल."
साहेबांचा प्रश्न चुकीचा नाही. जुनी सवय आहे, माझीसुद्धा.

३ डिसें., रवि.
क्लासला युसूफभाईंकडून तशीच दुसरी नळी नेली. यू करून खिडकीला बांधली. सगळ्यांनी हात लावून पाहिली.
दुपारी आईचा फोन. अख्ख्या आठवड्याचा हिशेब पाठ. सोमवारी पट्टीवर, बुधवारी पट्टीवर, शुक्रवारी चार बोटं खाली, तिसऱ्या ओळीतल्या एका घरच्या सुनेची तोटी उघडी निघाली. पाणी सुटलं की कडुनिंबाखाली उभी राहून वर बघते म्हणे. डोक्यावर फळी नको म्हणणारी माझी आई, वर बघते.
"मान दुखत नाही का गं?"
"दुखती की. थांब, आज वीतभर खाली हाय. कुनाची तरी उघडी हाय. आले बघून."
फोन शेजारणीच्या हातात देऊन गेली. मी धरून बसले. शेजारीण म्हणाली, "फोन बंद करा ताई, तुमच्या आई तीन ओळी पुढं गेल्या."