खिरीतला एकच बदाम

हुआ हिन, थायलंड
२६ डिसेंबर

प्रिय गुनेलताई,

नाताळच्या शुभेच्छा. तुमचं पार्सल पोचलं. हेरिंग माशांचे डबे शाबूत आहेत, मेणबत्त्या मात्र इथल्या उन्हात कमरेत वाकल्या.

परवा दुपारी आम्ही रीतसर जेवण मांडलं. शेजारचे रूने आणि उल्ला आले होते. हॅम, बटाटे, तुमचं हेरिंग, पंखा पाचावर. शेवटी तांदळाची खीर. ती तुमचा भाऊ हॉल्गरच करतो, मला ढवळूही देत नाही. तुमच्या आईच्या शिस्तीप्रमाणे सगळ्या खिरीत बदाम एकच, आणि ज्याला मिळेल त्याचं वर्षभरात लग्न.

"मला आला!" रूने ओरडला. "उल्ला, आता दुसरी बघतो."

"बघा खुशाल. तुमचं घोरणं तिला ऐकू दे."

तेवढ्यात उल्लालाही बदाम आला. मग मला. मग पुन्हा रूनेला. दोघांची हसून हसून मुरकुंडी वळली. 'हॉल्गर, काय थट्टा केलीस!' म्हणाले. हॉल्गरही हसला, पण जरा उशिरा. मी स्वयंपाकघरात जाऊन बघितलं. बदामांची बरणी रिकामी होती. टाकलेला विसरून तो पुन्हा पुन्हा टाकत गेला होता.

ताई, त्याच्या गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही, असं मी तुम्हाला लिहीत आले. गुडघे ठणठणीत आहेत. दोन वर्षं पत्रांखाली त्याची सहीसुद्धा मीच करतेय. खरं कळलं तर तुम्ही त्याला घेऊन जाल, याची मला भीती वाटायची. अजूनही वाटते.

पाहुणे गेल्यावर आम्ही व्हरांड्यात बसलो. उन्हात समुद्र पांढराशुभ्र दिसत होता, लाट म्हणून नाही. हॉल्गरला त्यात तुमच्या लहानपणीचं गोठलेलं तळं दिसलं असावं. "बर्फ अजून कच्चा आहे," तो म्हणाला. "गुनेलला सांग, एवढ्यात तळ्यावर जाऊ नकोस."

तुमचं नाव ऐकलं आणि मला रडू आवरेना.

मग माझ्याकडे झुकून हळूच म्हणाला, "खरा बदाम तुझ्याच वाटीत टाकला होता." एकेचाळीस वर्षं ही लबाडी करत आलाय, कबूल त्या दिवशी पहिल्यांदा केली. "मग? करायचं ना लग्न?"

थट्टा होती की विसर, मला कळलं नाही. मी हो म्हटलं.

तुम्ही या, ताई. तुमचं नाव त्याच्या तोंडी आहे तोवर या.

अजून तरी त्याच्या ओळखीची,
सिव्ह