ताईची टाचणवही

ताई,

बॅग तिसऱ्यांदा उघडली, तरी वजन जास्तच भरतंय. बायको म्हणाली, "अहो, वन्संची पाठांची टाचणवही काढा. तिकडेही आयत्या बिळावर नागोबाच व्हायचंय का?" ती थट्टा करत होती, मला हसता आलं नाही.

परदेशातली ही मास्तरकी ज्या पाठावर मिळाली, तो कागदाच्या घड्या घालून अपूर्णांक शिकवायचा पाठ तुझा. "कुणी रचला?" असं मुलाखत घेणाऱ्यांनी विचारलं. मी "मीच" म्हणालो.

आणि तू आईला स्वतःकडे नेलंस, वर म्हणालीस, "निर्धास्त जा रे." आभार मानायचे, तर आधी ही चोरी सांगायला हवी.

तुझा ऋणी आणि लबाड,
धाकटा

ता. क. (विमानातून) सकाळी निरोप द्यायला आलीस आणि तूच बॅगेतून वही काढलीस. म्हणालीस, "ही राहू दे, उद्या मला घड्यांचाच पाठ घ्यायचाय." हे पत्र घडी घालून माझ्या खिशातच राहिलं.