पाय लागला तर

प्रिय आईस,
अश्वजितचा सप्रेम जयभीम.

पत्राचा फोटो धाकट्या पायलच्या मोबाईलवर पाठवतो आहे. तिने तुला सगळे वाचून दाखवावे, मध्येच हसू नये.

इथे पोलंडमध्ये माझे बरे चालले आहे. वरण-भात जमतो. बाबांची कंबर कशी आहे? कापसाच्या जिनिंगमध्ये ओझी उचलणे त्यांनी बंद केले का?

रविवारी क्लबने मला पहिल्यांदाच बास्केटबॉलच्या सामन्यात उतरवले. धावताना समोरच्या खेळाडूला माझा पाय लागला. मी लगेच थांबलो, वाकून त्याला हात लावला आणि तोच हात छातीला लावला. तेवढ्यात तो गडी बॉल घेऊन पळाला आणि बास्केट करून आला! कोचने मला बाहेर बसवले. "तू खेळायला आलास की माफी मागायला?" असे ते म्हणाले. तू म्हणशील, "बरं केलं बाबू, पाय लागला तर हात लावाच लागते."

आज सरावात त्यांनी मला मुद्दाम प्रत्येकाच्या पायावर पाय द्यायला लावले. आधी हात आपोआप खाली जायचा. शेवटी गेला नाही. शनिवारी ते मला पुन्हा खेळवणार आहेत. क्लब मला ठेवणार की नाही, ते त्यावरच ठरेल. त्याची काळजी तू करू नको, मी करतो आहे.

पण आई, मैदानात नाही वाकलो तर चालेल का? सामना संपला की ज्याला ज्याला पाय लागला, त्याला हात लावूनच मी कपडे बदलीन. शनिवारच्या आत तुझ्या आवाजात एवढेच पाठव, "खेळ, बाबू."

तुझा,
अश्वजित