मालक: प्रसेनजीत

६ जुलै २०१५
नोकरी लागली एकदाची. शाहूपुरीत, दुसऱ्या मजल्यावर ऑफिस. उचगावहून निघताना प्रीतीनं हातावर साखर ठेवली आणि पहिल्या पगारात मिक्सर हवा, असंही बजावलं. बायको माझी व्यवहारी.
गिऱ्हाइकांचे सर्व्हर, नेटवर्क सगळं क्लाउडवर, म्हणजे परमुलखातल्या भाड्याच्या यंत्रांवर. ओळखू यावं म्हणून प्रत्येकाला टॅग लावायचा: गिऱ्हाईक कोण, काम काय, मालक कोण. मालक म्हणजे आमच्यातला जबाबदार माणूस. लग्नाच्या भांड्यांवर नाव घालतात, तसंच. कृष्णात साहेब तोंडानं फटकळ, मनानं बरे. म्हणाले, पावणं, बिननावाचं काय बी ठेवायचं न्हाय.

९ जुलै
एक जुनं नेटवर्क सापडलं. आत काहीच नाही, तरी चालू. मालक: बसवराज. साहेब म्हणाले, व्हता एक, न सांगता गेला, त्येला हात लावू नका. पण मला पसारा बघवत नाही. गेलेल्याचं नाव कशाला? खोडलं. संगणक जागा मोकळी ठेवू देईना, दुसऱ्या कुणाचं नाव घेईना, म्हणून माझंच घातलं.

१० जुलै
आतल्या खोलीतून एक वाळलेला, दाढीवाला माणूस बाहेर आला. साहेब ‘बसवराज’ म्हणाले आणि पांढरे पडले. तो मला म्हणाला, सुटलो की, पावणं. रडत जिना उतरून गेला.
संध्याकाळी मीही उतरलो. खाली रस्ता नाही, ऑफिसच. पुन्हा उतरलो. पुन्हा ऑफिस.

१३ जुलै
मी कुणाला दिसत नाही. साहेबांच्या कानाशी ओरडलो. त्यांनी पंखा कमी केला. संगणकावर बोटं दाबली तर अक्षर उमटत नाही. ही वही तेवढी माझी. भूक लागत नाही याचंच भय वाटतं.

२० जुलै
प्रीती आली. माझ्या जागेवर तिला घेतलंय. घरचंच माणूस घ्यायचं, ही इथली रीत. माझ्या खुर्चीत बसून रडली. मी शेजारीच होतो.

२२ जुलै
बसवराज तिला भेटून गेला. सगळं सांगितलं त्यानं. नाव बदललं की नवरा सुटतोय, पण तुमास्नी अडकावं लागंल, म्हणाला. ती म्हणाली, चालंल की.
नाही चालणार—

२३ जुलै
तिनं ते नेटवर्क उघडलंय. वही तिच्यापुढं धरतो, तिला दिसत नाही. प्रीती, मी बरा आहे इथं. खोटं. पण नको—
माझं नाव खोडलं. स्वतःच्या नावाचं एकेक अक्षर घालतेय. जिन्यातून रिक्षांचा आवाज येतोय. रस्ता आलाय खाली. प्रीती, हात काढ— माझे पाय आधीच जिन्या