ऑस्बीचं हरीण

१४ नोव्हेंबर
माझ्या जागेवर दुसऱ्याच कुणाची गाडी. सतरा वर्षं शिकारीच्या मोसमात मी याच वळणावर गाडी लावते. जंगल सरकारी आहे, कुणाच्या बापाचं नाही, मान्य. पण वळण माझं आहे.
गाडीच्या मागे येशूचा मासा चिकटवलेला, भाविक ख्रिस्त्यांची खूण. तेव्हाच ओळखलं, हा उपदेश करणार.
माग बघून परत आले तर वायपरखाली पत्रक – ‘आज मेलात तर कुठे जाल?’ त्यानंच शेगडी पेटवली. कागद बरा जळतो.

१५ नोव्हेंबर
पहिला दिवस वाया. उजाडायच्या आत मचाणावर चढून बसले होते, पायांची बोटं बधिर. इतक्यात खालून हाक – “गुड मॉर्निंग, ताई!” मिशिगनमधली सगळी हरणं कॅनडात पोचली असतील.
नाव वेन्डेल ऑस्बी. साठीचा. नारिंगी जॅकेट इतकं कोरं की दुकानाचा वास येतो. बॅप्टिस्ट.

१६ नोव्हेंबर
कॉफी घेऊन आला. नको म्हणाले तरी ओतली.
“येशूला ओळखता का, बर्नीसताई?”
“ओळख होती. आता बोलणं नाही.”
यावर माणसानं गप्प बसावं. हा हसला, आणि तुमच्यासाठी प्रार्थना करीन म्हणाला. ही मंडळी प्रार्थनेची धमकी देतात.
त्याला काय सांगायचं? माझा घटस्फोट झाला तेव्हा आमच्या पास्टरनं मला चर्चमध्ये मागच्या बाकावर बसायला सांगितलं. मागच्या बाकावरून दार जवळ पडतं. मी उठून बाहेर गेले. तेवीस वर्षं झाली.

१७ नोव्हेंबर
बर्फ. काही दिसलं नाही. ऑस्बी मात्र दिसला. दोनदा.

१८ नोव्हेंबर
हरीण मिळालं! आठ टोकांची शिंगं.
सकाळी नऊच्या सुमारास टेकडीपलीकडून एक गोळी ऐकली आणि लगेच हे धूड माझ्यासमोरून धावत गेलं. मी झाडली. रक्ताच्या मागानं गेले तर झऱ्याकाठी मरून पडलेलं, आणि शेजारी ऑस्बी उभा. इथला रिवाज साधा – ज्याच्या गोळीनं पडलं, त्याचं हरीण.
“माझं आहे,” मी म्हणाले.
त्यानं एकदा हरणाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. “असेल. घ्या.”
असेल, घ्या! पाठीला कणा नाही. शिंगाला माझ्या परवान्याचं लेबल मी बांधलं, पोट यानं साफ केलं – माझे गुडघे दुखतात म्हणे. त्याला कसं कळलं कोण जाणे. मग दोन मैल बर्फातून दोघांनी ओढत आणलं. वाटभर स्तोत्रं गात होता. बेसूर.

१९ नोव्हेंबर
शेजारच्या आर्लीनच्या गोठ्यात कातडं सोलायला घेतलं. माझी गोळी मागच्या मांडीला नुसती चाटून गेलेली. फुप्फुसं फोडणारी गोळी डावीकडून आलेली. मी उजवीकडे होते.
आर्लीन म्हणाली, “काय नेम आहे गं तुझा!”
मी “हं” म्हणाले.

२१ नोव्हेंबर
शिंगांचे फोटो आर्लीननं गावभर दाखवले. दुकानदारानं हात मिळवला.
ऑस्बी अजून जंगलात बसतोय, लेबल कोरंच. बसू दे. तोंड बंद ठेवलं असतं तर एव्हाना मिळालं असतं. शिकारी म्हणून शून्य. धर्मोपदेशक म्हणून त्याहून कमी. त्याच्याबद्दल एवढं लिहायचीही गरज नाही.

२४ नोव्हेंबर
झोप लागत नाही, म्हणून शेवटी ऑस्बीकडे गेले. अर्धं मांस गाडीत घालून. वळणावरच भेटला, थर्मासमधून सूप पीत होता.
“ते हरीण तुमचं होतं,” मी म्हणाले.
“हो. पोट साफ करताना भोक दिसलं.”
“मग बोलला का नाहीत?”
“हरणावरून भांडलो असतो तर माझं पुढचं काही ऐकलं असतंत का तुम्ही?”
डोकंच फिरलं. “म्हणजे ते मांस आमिष होतं? आणि हरीण मी?”
पुढ्यात पत्रक टाकेल असं वाटलं. त्यानं मान खाली घातली. “हो. तसंच होतं ते. मला लाज वाटते.”
त्यानं मांस घेतलं नाही. मी त्याच्या गाडीत आपटून निघून आले.
दांभिक. निदान कबूल करणारा दांभिक. आमच्या पास्टरनं तेवढंही केलं नव्हतं.

२७ नोव्हेंबर
थँक्सगिव्हिंग. आर्लीनकडे टर्की, कोरडी. सगळ्यांसमोर सांगून टाकलं, हरीण माझं नव्हतं. आर्लीननं वाढता वाढता हात थांबवला. तिचा नवरा हसला. एरवी त्याला उत्तर दिलं असतं. आज कोरडी टर्की चावत राहिले.

३० नोव्हेंबर
मोसमाचा शेवटचा दिवस. आपणहून ऑस्बीजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, “सांगा, काय सांगायचंय तुमच्या येशूचं. दहा मिनिटं. मध्ये बोलणार नाही.” त्यानं थर्मासचं झाकण लावलं. मग म्हणाला, “माझ्याकडेच काही उरलेलं नाही. तसं काही घडलं नाही, ताई. कुणी मेलं नाही. एप्रिलमध्ये एके सकाळी प्रार्थनेला बसलो आणि समोर कुणीच नव्हतं. दुसऱ्याला सांगताना तरी मला ऐकू येईल, म्हणून सांगत सुटलो.” ‘हे आमच्या स्वर्गातल्या पित्या’ एवढं म्हणाला आणि अडकला. मी त्याचा हात धरला आणि त्या प्रार्थनेचं पुढचं म्हणून दाखवलं. शेवटपर्यंत. एक शब्दही चुकले नाही.