शिगेची वाटी

आबा,

पाटोद्याच्या बाजारात तुम्ही मापाडी होतात, आणि चौथी झाल्यावर मीही तुमच्या हाताखाली ज्वारी मोजू लागलो. म्हणून मापाच्या बाबतीत मला कोणी शिकवावे हे मला आजही सहन होत नाही. पहिल्याच आठवड्यात मी भरलेल्या पायलीवरून तळहात फिरवून ती सपाट केली, तेव्हा तुम्ही सगळ्यांदेखत माझे मनगट धरलेत. "हात कामून फिरवला रे? वरची शीग घेणाराची असती." त्यानंतर मी कोणाचीही शीग मोडली नाही.

आता तुमच्या सुनेला, म्हणजे माझ्या पत्नीला, शुगर आहे. डॉक्टरांनी कागदावर लिहून दिले: एका वेळी एक भाकरी, एक वाटी भात, एक वाटी वरण. मोजणे हे माझे काम, असे बजावून चार महिने तिचे ताट मीच वाढतो आहे. तरी दर तपासणीत शुगर वाढलेलीच. पायाची जखम भरेना, तेव्हा डॉक्टर म्हणाले की असेच चालले तर बोट काढावे लागेल. मी घरी येऊन तिला चोरून खातेस म्हणालो, गुळाच्या डब्याला कुलूप घातले, शेजारणींनाही ताकीद दिली. ती शांतपणे म्हणाली, "किल्ली तुमच्या करदोड्याला. मग मी काय कुलूप चाटते?"

परवा आमच्या सुनेने बीडहून आकड्यांचा वजनकाटा आणला. असल्या खेळण्याची या घरात गरज नाही, असे मी सांगितले. तिने मी वाढलेली भाताची वाटी त्यावर ठेवली, मग तीच वाटी काठाबरोबर भरून पुन्हा ठेवली. "मामा, तुमची एक वाटी म्हंजी दीड हाय." मी काटा पुसला, त्याची जागा बदलली, शेवटी दुकानातून किलोचे वजन आणून तो तपासला. काटा बरोबर निघाला. आबा, तेव्हा मला तुमचाच राग आला. शीग कोठे द्यायची नाही, हेही तुम्ही सांगायला हवे होते.

कालपासून मी वाटी सपाट भरतो. ताट पाहून पत्नीने विचारले, आता भातही चोरीला गेला का? डॉक्टरांनी कागद बदलला, असे मी म्हणालो. कागद तोच आहे. कुलूपही काढले, आणि ते गंजले होते असे सांगितले. हे पत्र सुनेच्या हाती पडले तर ती ते माझ्या पत्नीला वाचून दाखवील, म्हणून मी ते माझ्याजवळच ठेवणार आहे. तिने चोरून काहीही खाल्ले नव्हते, एवढे एक वाक्य मला अजून तिच्यासमोर उच्चारता आलेले नाही.