मानीचा पत्ता

२ जून
लिहीन लिहीन म्हणत वही तीन आठवडे पिशवीतच राहिली. आळस माझाच. दहावीपुढं शिकलो नाही, एका गावात टिकलो नाही, पण दारव्ह्याजवळच्या या तांड्यावर बरं चाललंय. हिरासिंगकाकांकडं दोन वेळची भाकर, आणि काम काय, तर लॅपटॉपवर जुनी वर्तमानपत्रं चाळायची. त्यांची नात रंजिता बारावी झाली. नर्सिंगला जायचं तर जातपडताळणी लागते, त्याला १९६१ आधीचा पुरावा हवा, आणि तसा एकही कागद घरात नाही. काकांच्या वडलांचं नाव म्हणे जातीसकट कधीतरी एका साप्ताहिकात आलं होतं. एका ग्रंथालयानं त्याचे जुने अंक इंटरनेटवर टाकलेत. तेवढाच आधार. काका येता-जाता विचारतात, वाचून राह्यला का झोपून राह्यला?

५ जून
नाव टाकून शोधलं तर काही येत नाही. छपाई पुसट, यंत्राला वाचता येत नाही. म्हणून एकेक पान. माझं मन मात्र जाहिरातींतच. १९५३ च्या अंकात: 'मुलगी मानी, वय सतरा, घरातून गेली आहे. कोणास दिसल्यास कळवावे. वडील, कळंब.' पानाखाली वाचकांनी शेरा लिहायची चौकट असते. गमतीनं लिहिलं, मानी सुखरूप आहे, दारव्ह्याच्या तांड्यावर, हिरासिंगच्या घरी. रंजिताला दाखवलं तर म्हणाली, तुले दुसरे धंदे नाहीत काय? पोरगी हरवलेल्या माणसाची मस्करी कायले?

६ जून
पुढचा अंक. 'मानीचा पत्ता लागला. हिरासिंगच्या घरी आहे. पायी निघालो.'
१९५३ साली काका जन्मलेही नव्हते.

८ जून
त्यापुढचा अंक: 'यवतमाळ मागे टाकले.' शेरा पुसला जात नाही. खाली लिहिलं, चूक झाली, मानी इथं नाही.

९ जून
उत्तर छापून आलंय. 'मानी नाही म्हणतात. त्या घरात सतरा वर्षांची मुलगी आहे. तीही चालेल.'
काकांनी आधी मलाच वेड्यात काढलं. मग स्वतःचं नाव वाचलं. उद्या रंजिताला नेरला मावशीकडं पाठवायचं ठरलं.

१० जून, दुपार
रंजिताला घेऊन जीप गेली. बरं झालं. काका दारात काठी घेऊन —
शेवटचा अंक उघडला. एकच शब्द. 'पोचलो.'
रस्ता तर रिकामा —
अंगणात पावलं. रंजिता! जीपमध्ये एक बाबा भेटले म्हणते, लय थकलेले, आपलंच घर विचारून राह्यलते, म्हणून मीच घेऊन आली.
काका म्हणतात, ती एकटीच आहे. मग तिचा हात धरून हा जो —